'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' : पावतीवरील एका ओळीचा इतिहास

१.
गुलमंडी, सिटी चौक, पैठण गेट, निराला बाजार. छत्रपती संभाजीनगरातील कोणत्याही बाजारपेठेत खरेदी करून पावती नीट वाचली, तर पुष्कळदा तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आढळते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' साडीच्या पावतीवर ती असते, मिक्सरच्या पावतीवर असते आणि पन्नास हजारांच्या लॅपटॉपच्या पावतीवरही असते. वाचणाऱ्याला ती कायद्याइतकी जुनी आणि तितकीच अटळ वाटते. प्रत्यक्षात ती जुनीही नाही आणि अटळही नाही. या ओळीला बळ कोठून मिळाले आणि ते कसे ओसरले, याचा हा मागोवा. (थ्रेड)

२.
प्रश्न नेमका कोणता, हे कळण्यासाठी एक नेहमीचा प्रसंग घेऊ. कन्नड तालुक्यातील एखादा शेतकरी कापसाच्या पैशांतून इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीसाठी नवा लॅपटॉप घेतो. दुकानात तो चालू करून दाखवला जातो. चौथ्या दिवशी पडदा काळा पडतो. दुकानदार सांगतो, 'कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.' सर्व्हिस सेंटर सांगते, 'सुटा भाग मागवावा लागेल.' दुरुस्त होऊन आलेला लॅपटॉप आठवड्यात पुन्हा बंद पडतो. परीक्षा तोंडावर असते, पैसे गेलेले असतात आणि बोट दाखवायला पावतीवरची ती ओळ असते. विक्रीच्या वेळी न दिसलेला दोष कोणाच्या माथी, हाच येथील मूळ प्रश्न.

३.
हा प्रश्न लॅपटॉपने जन्माला घातलेला नाही. बैल, बियाणे, लोखंड, रत्ने यांच्या बाजारात तो फार पूर्वीच उभा राहिला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात विक्री व खरेदी फिरवण्याच्या हक्काला, म्हणजे 'अनुशया'ला, स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. त्यासाठी व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन रात्री आणि गोपालकांना पाच रात्री अशी मुदत सांगितली आहे. व्यवहार मोडण्याच्या मान्य कारणांत मालातील दोष हे पहिले कारण आहे. म्हणजे सौदा झाला की सारे संपले, अशी कल्पना त्या ग्रंथात नाही.

४.
याज्ञवल्क्यस्मृती याहून सूक्ष्म विचार करते. तीत परीक्षेचा काळ माणसागणिक बदलत नाही, तो वस्तूगणिक बदलतो. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात दिवस, बियाण्याला दहा दिवस. यामागचा तर्क आजही पटतो : ज्या वस्तूचा दोष उशिरा उघड होतो, तिच्या परीक्षेला अधिक काळ हवा. मात्र त्याच श्लोकात दास आणि दासी यांच्याही परीक्षेचा काळ सांगितला आहे, हे विसरता येत नाही. खरेदीदाराचा हक्क जपणारा नियम माणसालाही मालात मोजत होता.

५.
या स्मृतीवरील सर्वांत प्रसिद्ध टीका, 'मिताक्षरा', मराठवाड्याला लागूनच लिहिली गेली. तिचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) काळातला. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. नारदस्मृती तर फसवणुकीला थेट दंड सांगते : निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने खरेदीदाराला दुप्पट किंमत द्यावी आणि तितकाच दंड भरावा. ग्रंथातला प्रत्येक नियम बाजारात पाळला जात होताच, असा याचा अर्थ नाही. पण न्याय्य काय, याची कल्पना स्पष्ट होती.

६.
१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने तिला औरंगाबाद हे नाव दिले. पुढे त्याच्या बादशाहीत संकलित झालेला 'फतावा-ए-आलमगिरी' हा हनफी विधिग्रंथ खरेदी-विक्रीचा विस्ताराने विचार करतो. त्यातील एक तत्त्व म्हणजे 'खियार-अल-ऐब', अर्थात ऐब निघाल्यास सौदा मोडण्याचा पर्याय. दोष विक्रीपूर्वीचा असेल आणि खरेदीदाराला ठाऊक नसेल, तर त्याने वस्तू परत करून पैसे घ्यावेत. 'ऐब' हा शब्द मराठीत आजही वापरात आहे. त्यामागचा हा हक्क मात्र विस्मरणात गेला.

७.
हनफी विचारात आणखी एक तत्त्व आहे, 'खियार-अर-रुया' : न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यानंतर नाकारण्याचा पर्याय. ऑनलाइन मागवलेल्या मालाच्या परतीचा विचार करताना हे तत्त्व फार परके वाटत नाही. पण याच परंपरेत विक्रेत्याला एक पळवाटही होती. 'सर्व दोषांसह विकतो, नंतर तक्रार चालणार नाही' अशी अट विक्रीच्या वेळीच मान्य करून घेतली, तर त्याची जबाबदारी संपू शकत असे. पावतीवरच्या त्या ओळीचे एक दूरचे पूर्वरूप येथे दिसते. फरक इतकाच, की ती अट समोरासमोर बोलून ठरवायची होती. पैसे मोजल्यावर हाती येणाऱ्या कागदावर ती छापलेली नव्हती.

८.
इंग्रजी कायद्याने वेगळे सूत्र आणले : 'घेणाऱ्याने सावध राहावे.' वस्तू पाहून, पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची. ब्रिटनमध्ये १८९३ च्या कायद्याने या सूत्राला काही अपवाद जोडले. त्याच धर्तीवर ब्रिटिश हिंदुस्थानात मालविक्री अधिनियम, १९३० आला. त्याचे सोळावे कलम आजही लागू आहे. खरेदीदाराने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या माहितीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या कामास योग्य असली पाहिजे. त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनानुसार घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे.

९.
मात्र या अपवादांनाही अपवाद होते. विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ती अमुक कामास योग्य असल्याची गर्भित हमी उरत नसे. खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाची तक्रार चालत नसे. शिवाय बासष्टाव्या कलमानुसार कायद्याने दिलेल्या गर्भित अटी उभयपक्षी कराराने वगळता येत. पावतीवरच्या ओळीचे बळ येथे आहे. दुकानदार ती छापून सांगत असे, की कराराची अट हीच. ग्राहकाने ती वाचली होती का आणि मान्य केली होती का, हे विचारण्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागे.

१०.
औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. चलनही वेगळे होते, हाली सिक्का. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले आणि त्यानंतर केंद्रीय कायदे टप्प्याटप्प्याने येथे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. कायद्याचे नाव बदलले, न्यायालयाची भाषा बदलली. सामान्य खरेदीदाराची अडचण मात्र तीच राहिली : दोनशे रुपयांच्या सदोष वस्तूसाठी मुद्रांक, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा परवडणार कोणाला? हक्क कागदावर होता, पण तो बजावण्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक होता.

११.
जगात याच काळात एक मोठा बदल घडत होता. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या पेस्ली गावात एका स्त्रीला मैत्रिणीने घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार झाली. बाटली तिने स्वतः विकत घेतली नव्हती, म्हणून तिचा कोणाशीही करार नव्हता. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की अंतिम उपभोक्त्याची काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. बंद बाटलीत डोकावता येत नाही, तसेच लॅपटॉपच्या मदरबोर्डवरही नजर टाकून भागत नाही. 'पाहून घ्यायला हवे होते' हे वाक्य तेथे निरर्थक ठरते.

१२.
महाराष्ट्रात ग्राहकाचा प्रश्न प्रथम रस्त्यावर आला तो महागाईमुळे. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९७२ च्या दुष्काळी वर्षात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार समिती उभी राहिली आणि स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघाले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. एकट्याने दुकानदाराशी भांडणारा माणूस कटकट्या ठरतो. शंभर जण एकत्र आले, की तोच प्रश्न सार्वजनिक होतो, हे या चळवळीने शिकवले.

१३.
याच सुमारास बाजारातील मालही बदलत होता. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि मध्यमवर्गीय घरांत टीव्ही, फ्रीज, धुलाई यंत्रे येऊ लागली. औरंगाबाद या बदलाचे केवळ गिऱ्हाईक नव्हते. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ते उत्पादकांचेही शहर झाले. या वस्तूंबरोबर एक नवा कागद घरात आला, वॉरंटी कार्ड. त्याने उत्पादकाचे वचन थेट ग्राहकाच्या हाती दिले. पण त्याच कार्डाने दुकानदाराला एक सोयीचे उत्तरही दिले : 'आता तुमचे आणि कंपनीचे काय ते बघा.' विक्रेता आणि निर्माता यांच्यामधल्या फटीत ग्राहक अडकू लागला, तो येथून.

१४.
ही फट बुजवण्याचा प्रयत्न १९८६ मध्ये झाला. एप्रिल १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पुढच्याच वर्षी भारतीय संसदेने ग्राहक संरक्षण अधिनियम संमत केला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी तीन पायऱ्यांची यंत्रणा उभी राहिली. प्रारंभी एक लाख रुपयांपर्यंतचे दावे जिल्हा मंचाकडे होते. तेथे वकील सक्तीचा नव्हता. साध्या कागदावर, आपल्या शब्दांत तक्रार लिहिता येत होती.

१५.
या कायद्यातील तीन गोष्टी लॅपटॉपच्या प्रसंगाला थेट भिडतात. पहिली : वस्तू विकत घेणाराच नव्हे, त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक. म्हणजे पैसे वडिलांनी दिले, तरी तक्रार मुलीला करता येते. दुसरी : 'व्यापारी' या व्याख्येत विक्रेता आणि उत्पादक दोघेही येतात, त्यामुळे दोघांनाही एकाच तक्रारीत उभे करता येते. तिसरी : दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई, असे आदेश देता येतात. एरवी न दिसणारा दोष ठरवण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूदही कायद्यातच होती.

१६.
मग प्रश्न आला, लॅपटॉपवर काम करून पोट भरणाऱ्याचे काय? व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याबाहेर होती. १९९३ च्या दुरुस्तीने खुलासा केला, की स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानू नये. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट करताना टंकलेखन यंत्राचे उदाहरण दिले. स्वतः बसून लोकांचे कागद टंकलिखित करणारा माणूस ग्राहकच राहतो. त्या टाइपरायटरच्या जागी आज डीटीपी करणाऱ्याचा, अनुवादकाचा किंवा सीएससी केंद्र चालवणाऱ्याचा लॅपटॉप ठेवला, तर निकालाचे मर्म बदलत नाही.

१७.
प्रत्येक सदोष वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू मिळतेच, असे मात्र नाही. २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटी दुरुस्तीपुरती असेल आणि दोष भाग बदलून दूर होण्याजोगा असेल, तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. म्हणून पुनःपुन्हा उद्भवणारा दोष आणि एकदाच झालेला बिघाड यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. हा भेद सिद्ध होतो तो कागदाने. दर वेळी सर्व्हिस सेंटरने दिलेला जॉबकार्डाचा कागद, त्यावरची तारीख आणि तक्रारीचे शब्द, हाच पुढे पुरावा होतो.

१८.
दुसरीकडे विक्रेत्याची सुटका तितकी सोपी राहिली नाही. २०२१ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात, नवी म्हणून विकलेली मोटार प्रत्यक्षात जुनी बनलेली आणि आधी चाललेली निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला जबाबदारीतून मुक्त केले. विक्रेत्याच्या कृत्याची त्याला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायम राहिली. उत्पादकांचेही दिवस पालटतात. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉनविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा निर्मात्याच्या वचनाला त्याच्या अस्तित्वाची मर्यादा असते, हे या शहराने जवळून पाहिले. 'कंपनीचे बघा' या उत्तराचा अपुरेपणा तेथे दिसतो.

१९.
२० जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू झाला. टाळेबंदीमुळे वर्ग पडद्यावर भरत होते आणि लॅपटॉप चैनीच्या वस्तूतून गरजेच्या वस्तूत आला होता, नेमका तो काळ. या कायद्याने पावतीवरच्या ओळीला थेट उत्तर दिले. सदोष माल परत घेण्यास आणि पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरली. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांनाही सदोष माल परत घेण्यास नकार देण्याची मनाई केली. सदोष वस्तूपुरती ती ओळ आता निष्प्रभ आहे. रंग आवडला नाही म्हणून परत करण्याचा हक्क मात्र यातून मिळत नाही.

२०.
या कायद्याने आणखी एक अंतर कमी केले. पूर्वी तक्रार साधारणतः विक्रेता जेथे असेल किंवा व्यवहार जेथे झाला असेल, तेथे करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगातही ती करता येते. दूरच्या महानगरातील विक्रेत्याकडून मागवलेल्या लॅपटॉपची तक्रार म्हणूनच छत्रपती संभाजीनगरात दाखल होऊ शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. जिल्हा आयोगाच्या निकालावर अपील राज्य आयोगाकडे जाते, आणि त्याचे खंडपीठ याच शहरात भरत असल्याने मराठवाड्यातील माणसाला दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही.

२१.
इतिहासाने दिलेला हा हक्क वापरण्याचा क्रमही ठरलेला आहे. दोष दिसताच विक्रेता आणि उत्पादक दोघांना लेखी कळवणे, कारण वस्तू गप्प बसून वापरत राहणे म्हणजे ती स्वीकारणे, असे मालविक्री कायदा मानतो. पावती, वॉरंटी कार्ड, जॉबकार्ड, ई-मेल आणि दोषाचे तारखेसह चित्रीकरण जपणे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे. तेथे न सुटल्यास विक्रेत्याला नोटीस देऊन जिल्हा आयोगात जाणे. आयोगात प्रत्यक्ष जाऊन किंवा ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार करता येते. मुदत आहे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

२२.
कायद्यात निकालाची अपेक्षित मुदत तीन महिने आहे आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच. प्रत्यक्षात रिक्त पदे आणि तहकुबी यांमुळे प्रकरणे त्याहून पुष्कळ लांबतात. परीक्षा मात्र कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे लोखंडाला एक दिवस आणि बियाण्याला दहा दिवस देणाऱ्या जुन्या नियमाची आठवण येथे केवळ कुतूहल म्हणून येत नाही. वस्तूचा दोष किती दिवसांत उघड होतो, तितकाच तिचा न्याय किती दिवसांत होतो, हाही हक्काचाच भाग आहे. १९८६ ने खर्चाचा अडसर दूर केला, २०१९ ने अंतराचा. काळाचा अडसर अजून शिल्लक आहे.

२३.
तोवर पावतीच्या तळाशी ती ओळ छापली जाईलच. तिचे खरे बळ कायद्यात उरलेले नाही. ते उरले आहे ती वाचून मुकाट्याने माघारी फिरणाऱ्या ग्राहकाच्या समजुतीत. कापसाच्या पैशांतून लॅपटॉप घेणारा बाप दुकानाच्या पायरीवरून परत फिरतो, तेव्हा तो आपला हक्कच मागे टाकून जात असतो. दुकानदाराशी वाद घालण्याची त्याला गरज नाही. दोष लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि तारीख जपावी. पावतीवरची ओळ दुकानदाराने लिहिलेली आहे, त्या पोचेवरची ओळ ग्राहकाची असते आणि आयोगापुढे बोलते ती तीच.

(समाप्त)